एक वर्ष कमी करून द्या

मला दोन विद्यापीठांनी एकाच आठवड्यात होकार कळवला तेव्हा मी शेहेचाळीस वर्षांची होते, आणि घरात त्याचं कौतुक साधारण दीड दिवस टिकलं. त्यानंतर प्रश्न सुरू झाला, कुठे जायचं? एकाने नकार दिला असता तर सगळं सोपं होतं. लग्नाच्या मुलीला दोन स्थळं एकदम सांगून यावीत तसं झालं, आणि अशा वेळी मुलगी सोडून बाकी सगळे निर्णय घेतात हे मला अनुभवाने माहीत होतं.

पुण्यात मी बीएस्सीचं पहिलं वर्ष केलं आणि दुसऱ्या वर्षात माझं लग्न ठरलं. पुढे सिंगापूरला आलो, बुकित बातोकला फ्लॅट घेतला, लेक झाली. ती शाळेत रुळल्यावर मी घराजवळच्या एका सॉसच्या कारखान्यात नोकरी धरली. बाटल्यांवरची लेबलं तपासायची आणि आतली चव. ती नोकरी करता करता पॉलिटेक्निकमध्ये फूड सायन्सचा डिप्लोमा केला, संध्याकाळच्या वर्गात. सासूबाईंनी फोनवर विचारलं होतं, "अगं, आमटी येते की तुला. डिप्लोमा कशाला?"

संध्याकाळचे वर्ग म्हणजे सगळे दिवसभर राबून आलेले. शिक्षकांचं शेवटचं वाक्य संपायच्या आत बॅगांच्या चेन ओढल्याचे आवाज यायचे. कुणी कुणासाठी थांबायचं नाही, मीही नाही. घरी कुकर लावायचा असायचा.

तर ही दोन विद्यापीठं. आमच्या घरात त्यांना 'जवळचं' आणि 'लांबचं' अशी नावं पडली. जवळचं घरापासून एका बसवर. तिथे मात्र डिप्लोमा असो नसो, पहिल्या वर्षापासून सुरुवात करायची. लांबचं बेटाच्या दुसऱ्या टोकाला, MRTने, म्हणजे इथल्या मेट्रोने जायचं, पण डिप्लोमाच्या बदल्यात पहिलं वर्ष माफ. दोन्हीकडे दिवसाचं, पूर्णवेळ शिक्षण. म्हणजे नोकरी सोडायची होती, आणि ते मी आधीच ठरवलं होतं.

नवरा त्याच टोकाला, चांगी बिझनेस पार्कमध्ये एका बँकेच्या आयटी विभागात मॅनेजर आहे. ऑफिसात कुठल्या कंपनीकडून सॉफ्टवेअर घ्यायचं हे ठरवायला ते लोक गुणांचा एक तक्ता करतात. तसाच त्याने माझ्यासाठी केला. फी, वेळ, प्रवास, नाव. रविवारी दुपारी टीव्हीवर तो तक्ता लावून त्याने मला आणि लेकीला समोर बसवलं.

"लांबचं जिंकतंय," तो म्हणाला. "शिवाय सकाळी आपण दोघं एकत्र MRTने जाऊ."

"हे शिवाय कुठल्या रकान्यात आहे?" मी विचारलं.

"ते रकान्यात नाही. ते असंच."

लेक ज्युनिअर कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती. पुढच्या वर्षी तिला जायचं होतं ते नेमकं जवळच्यात. तिचं म्हणणं थोडक्यात होतं. "आई, प्लीज. नॉट माय युनिव्हर्सिटी, लाह."

"अजून तुझी झाली नाही ती. मला होकार आलाय, तुला नाही."

"दॅट्स सो मीन!" ती म्हणाली आणि खोलीत निघून गेली.

माझ्या बाजूने एकट्या सासूबाई उभ्या राहिल्या. "जवळचंच घे," त्या म्हणाल्या. "संध्याकाळचा स्वयंपाक तरी वेळेवर होईल." असा पाठिंबा मिळण्यापेक्षा विरोध परवडतो.

मला जवळचंच हवं होतं, हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. का हवं होतं ते मलाही धड सांगता आलं नसतं. नव्या विद्यार्थ्यांना विद्यापीठ बघायला बोलावतात त्या दिवशी मी तिथे एकदा गेले होते. फाटकाशी एका स्वयंसेवक मुलाने मला 'पालक' असं लिहिलेलं स्टिकर दिलं आणि पालकांच्या रांगेत उभं केलं. मी ते स्टिकर पर्समध्ये टाकलं आणि एका झाडाखाली जाऊन बसले. भर दुपारी पोरंपोरी पायऱ्यांवर पसरली होती. वर्ग संपला होता आणि कुणीच घरी जात नव्हतं. मला त्यांचा इतका हेवा वाटला की मी पाण्याची बाटली संपेपर्यंत तिथेच बसून राहिले.

पण तक्त्यात सगळं त्या एका वर्षावर अडलं होतं. मीही मनाशी म्हटलं, या वयात एक वर्ष म्हणजे काय थोडं झालं? आणि मग मला ती अक्कल सुचली. लांबचे लोक वर्ष सोडतायत ना, मग जवळच्यांनाही सोडायला लावायचं.

घासाघीस माझ्या रक्तात आहे. माझ्या आईने मला तुळशीबागेत तयार केलंय. वस्तू आवडली तरी तोंडावर दाखवायचं नाही. शेजारच्या दुकानात काय भाव आहे ते सहज बोलल्यासारखं बोलायचं. निम्म्यापासून सुरुवात करायची. आणि ऐकत नसेल तर "राहू दे" म्हणून निघायचं. हे निघणं महत्त्वाचं. आई अगदी सावकाश चालायची, मान न वळवता, पण एक कान मागे. दुकानदार हाक मारायचाच. "या ताई, घेऊन जा," तो म्हणायचा, आणि आई जणू त्याच्यावर उपकार करायला परत वळायची.

हे सगळं इमेलवर होत नाही, म्हणून मी समक्ष गेले. प्रवेशाच्या खिडकीशी एक चिनी मुलगी होती, माझ्या लेकीपेक्षा फार तर पाच-सहा वर्षांनी मोठी. मी चेहरा कोरा ठेवून बसले.

"दुसऱ्या एका विद्यापीठात मला पहिलं वर्ष माफ करतायत," मी सहज म्हणाले.

"ओ, काँग्रॅच्युलेशन्स, आंटी," ती मनापासून म्हणाली.

तुळशीबागेत अभिनंदन कुणी करत नाही. मी जरा गडबडले, पण लगेच सावरले. "मग तुम्ही किती सोडाल?"

"सोडाल म्हणजे?"

"वर्ष. पूर्ण नाही तर अर्धं."

तिने संगणकात पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "आंटी, हाफ इयर कॅनॉट. या कोर्सला सगळे पहिल्या वर्षापासूनच."

"काही तरी कमी करा. मी इतक्या लांबून आलेय." मी एका बसने आले होते.

"सॉरी, आंटी. सगळ्यांना सेम-सेम."

आता निघायची वेळ झाली होती. "बरं, राहू दे मग," मी म्हणाले आणि उठले. आईसारखीच चाल, मान सरळ, एक कान मागे. कॉरिडॉर लांबलचक होता. मी नोटिस बोर्डापाशी थांबून पोहण्याच्या क्लबची जाहिरात वाचली, मला पोहता येत नाही. कुणी हाक मारली नाही. लिफ्टपाशी पोचले आणि बटण दाबायला जमेल तेवढा वेळ लावला. लिफ्टचं दार उघडलं, आणि तेवढ्यात मागून हाक आली.

"आंटी! आंटी!"

मी वळले. चेहऱ्यावर काय होतं ते माहीत नाही, पण आईला अभिमान वाटला असता. ती मुलगी धावत आली होती. तिच्या हातात माझी छत्री होती.

"तुम्ही विसरलात," ती म्हणाली, आणि हसून परत गेली.

लिफ्ट माझ्याशिवाय निघून गेली. मी छत्री घेऊन उभी राहिले आणि मला स्वतःचं इतकं हसू आलं की बाकावर बसावं लागलं. हसता हसता डोळ्यांत पाणी कधी आलं कळलं नाही. मी भाव कशाचा पाडत होते? साडीचा भाव पाडते ती बाई साडी पूर्णच नेते. अर्धी साडी द्या म्हणून कुणी हटून बसत नाही. आणि मी? पंचवीस-सव्वीस वर्षं ज्याची वाट पाहिली, ते कॉलेजचं वर्षच कमी करून द्या म्हणून भांडत होते. झाडाखाली बसून ज्याचा हेवा केला, तेच मला माफ करून हवं होतं.

मी परत त्या खिडकीशी गेले. मुलीने आधी खुर्चीखाली पाहिलं, आणखी काही विसरलंय का म्हणून.

"मी येतेय," मी म्हणाले. "पहिल्या वर्षाला."

"फुल इयर, आंटी?" तिने विचारलं.

"पूर्ण. काही कमी करू नका."

घरी जेवताना सांगितलं. नवऱ्याने वरण वाढून घेतलं, भातात कालवलं. "एकत्र MRTने गेलो असतो," तो शेवटी म्हणाला, आणि त्या तक्त्यात खरं काय होतं ते मला तेव्हा समजलं. मी त्याला म्हटलं, शुक्रवारी संध्याकाळी मी चांगीला येईन, तिथेच जेवू. ते त्याला पटलं.

लेकीने ताट बाजूला सारलं होतं. "म्हणजे पुढच्या वर्षी मी आले की तू माझी सीनिअर?"

"हो."

"मग रूल्स. बसमध्ये वेगळी सीट. कॅम्पसवर हाका मारायच्या नाहीत. कॅन्टीनमध्ये आपण एकमेकींना ओळखत नाही."

"बसचं मान्य. बाकी नाही."

"हाका नकोत, आई."

"नाही जमणार."

"कॅन्टीन?"

"तिथे तर मी डबा आणणार आहे."

"फाइन," ती उठली. "मग मी दुसरीकडे कुठेतरी अप्लाय करते." ती आपल्या खोलीकडे निघाली. एरवी ती दार आपटून दोन ढांगांत आत असते. आज ती फ्रिजपाशी थांबली, त्यावरचं जुनंच वेळापत्रक वाचू लागली, मग पुढे झाली, मान सरळ ठेवून, अगदी सावकाश. तुळशीबाग तिने जेमतेम दोनदा पाहिली असेल.

तिचा एक कान मागे होता. मी हाक मारली.