हातात आणून देणारी कारवानी

आमच्या शिरूर अनंतपाळच्या भागात कारवानी कुत्रं पाळायचं ते ससा धरायला. उंच पाय, खपाटीला गेलेलं पोट, सुटलं की वारंच. आता शिकारीला बंदी आहे, तरी माणसांच्या डोक्यातला ससा काही मेला नाही. आणि म्हणतात, अशा कुत्र्याला बाईच्या हातची भाकर घालू नये, ते बसकं होतं, पळणं विसरतं. आमचे मालक वारले तेव्हा ही कुत्री पिल्लू होती. मग तिला भाकर मी नाही तर कोण घालणार होतं, तहसीलदार?

एकदा तिनं आपाची कोंबडी धरली. आपा म्हणजे आमची शेजारीण, घरामागं कोंबड्या पाळते. कुत्री कोंबडी तोंडात घेऊन नुसती उभी होती, मी पाहिलं माझ्या डोळ्यांनी. तेवढ्यात माझे धाकटे दीर काठी घेऊन धावले, त्यांच्यामागं सगळी गल्ली. "सोड! सोड!" मागं एवढी फौज लागल्यावर कुत्रं पळेल नाहीतर काय? पळताना तिनं जबडा आवळला आणि कोंबडी गेली. दोष मात्र एकटीच्या माथी.

दीर म्हणाले, "वैनी, हिला रक्ताची चटक लागली. बिलोलीकडचे रानडुकरावर सोडायला कुत्री मागायलेत. देऊन टाकू."

डुकराच्या सुळ्यापुढं गेलेलं कुत्रं परत येतं का? मी म्हणलं, "न्हाई द्यायची. मी हिला धरलेलं हातात आणून द्यायला शिकवते."

"कारवानी कधी हातात देती का? सुनेला भाकऱ्या शिकवा की त्यापरीस."

"सुनेला येत्यात. तुमच्या बायकोला पाठवा हवं तर."

शेवटी येळवसेपर्यंत, म्हणजे वेळ अमावास्येपर्यंत थांबायचं ठरलं. त्या दिवशी पूजेला नि जेवायला सगळं घर शेतात असतं, सगळ्यांसमोर काय ते होऊन जाऊ दे.

मी जुन्या लुगड्याची वळकटी केली, वरून कोंबडीची पिसं बांधली आणि हरभऱ्याच्या कडेला फेकली. हिनं उचलली आणि निघाली तुरीत. मला काय, मागं धावायला गुडघेच नाहीत! मी बांधावर तिच्याकडं पाठ करून बसले आणि आपली तुरीच्या शेंगा सोलत राहिले. मागं कुणी लागेना म्हणल्यावर तिला करमेना. लई वेळानं कोपराला ओलं नाक लागलं. वळकटी तोंडातच होती. मी ओढली नाही. ओढलं की कुत्रं आणखी आवळतं, माणसाचं तरी काय वेगळं असतं? हनुवटीखाली हात धरला, "दे" म्हणलं आणि ती जबडा सैल करीपर्यंत वाट पाहिली.

दुसऱ्या खेपेला भाकर दाखवून बोलावलं, तर हिनं वळकटी ढेकळात टाकली आणि भाकरीकडं आली. म्हणून भाकर पदराच्या गाठीत दडवली. आधी माझा हात भरायचा, मग गाठ सुटायची.

दीर येता-जाता सल्ला देत. "वैनी, वळकटीत बाभळीचे काटे घाला. आवळलं की टोचतंय, तोंड नरम होतंय."

"तुमच्या कालवणात घालून बघते आधी."

नांदेडहून लेकीचा फोन, "आई, कुत्र्यापायी काकांशी भांडू नको." मी म्हणलं, तुला भांडण दिसतं, मला कुत्री दिसती.

येळवस आली. कडब्याच्या कोपीत पूजा झाली, आंबील झाली, हिरव्या दाण्यांची नि पालेभाज्यांची भज्जी झाली. मी आपाकडं एक जिती कोंबडी मागितली.

"एक तुझ्या कुत्रीनं मारली, आता दुसरी मी हातानं देऊ?"

"देच. मेली तर कुत्रीचा दोर मीच भाऊजींच्या हातात देईन."



आपानं पाय बांधून कोंबडी तुरीत ठेवली. मी कुत्री सोडली आणि सगळ्यांकडं पाठ करून बांधावर बसले. कोंबडी कलकलली आणि गप झाली. मागून दिरांचं "छू! छू!" सुरू झालं, पोरं ओरडायला लागली. मी वळून पाहिलं नाही. डोळे मिटले म्हणा ना.

मग मांडीवर काहीतरी ऊबदार टेकलं. मी हात खाली धरला. "दे." कोंबडी माझ्या ओंजळीत आली, लाळेनं भिजलेली, काळीज धडधडणारी. आपानं पाय सोडले, पंख उचलून पाहिले, पोट चाचपलं. कोंबडी अंग झाडून सरळ भज्जीच्या पातेल्याकडं निघाली.

"जिती हाय गं बाई," आपा म्हणाली.

दीर पुढं आले. मला वाटलं, आता हरलो म्हणतील. तर त्यांनी कुत्रीच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणतात कसे, "वैनी, अशी कुत्री उभ्या जिल्ह्यात न्हाई. हिला आता मी नेतो. ससा न फाडता हातात आणील."

घ्या! काल डुकरापुढं टाकायची होती, आज सशामागं.

मी दोर मनगटाला गुंडाळला. "भाऊजी, ती तुमच्याकडं यायची न्हाई. ससा धराल त्या दिवशी फॉरेस्टवाल्यांना तुमच्या दारात मी आणून बसवीन."

"घरच्या माणसावर?"

"घरच्याच."

ते जेवण अर्धवट टाकून गेले. जाऊ देत. भज्जी उरली नाही. त्यांच्या वाटणीची कुत्रीनं खाल्ली, माझ्या हातनं, सगळ्यांसमोर.