डोंगरावरच्या उंदराचं घराणं

आमच्या मावशीने जन्मभर उंदीर, खारी आणि साळिंदरांची नाती जुळवली. स्वतःचं लग्न तेवढं जमवलं नाही. घरात सगळे तिला उंदीरमावशी म्हणत, त्याचा तिला राग नसे. राग यायचा तो पसाऱ्याचा. तिच्या घरी चहाचा कप हातातून खाली ठेवायची खोटी, की तो विसळलाच.

तरुणपणी एका डोंगरावर तिच्या सापळ्यात एक विचित्र प्राणी आला. तोंड उंदराचं, शेपूट खारीची आणि दात कुणाचेच नाहीत. त्याचं घराणं शोधायचं, हा तिचा ध्यास. यकृताच्या वाटाण्याएवढ्या तुकड्यातून तिने डीएनए काढला, त्याचे बारीक तुकडे जिवाणूंत घालून काचेच्या बशांत वाढवले. पुष्कळ बशांत तोच तो मजकूर पुन्हा पुन्हा निघाला. त्या काळी अशा पुनरावृत्तीला सगळे कचराच म्हणत. तरी तिचे मार्गदर्शक सर म्हणाले, या बशा बाजूला ठेव. मावशीने ठेवल्या, आणि महिनाअखेरच्या साफसफाईत जिवाणू मारायच्या वाफेच्या भांड्यात घालून निकालात काढल्या. फ्रीजमध्ये अडचण होत होती, एवढंच कारण. उरलेल्या थोड्या बशांवरून तिने प्राणी उंदरांच्या कुळात बसवला आणि वाहवाही मिळवली.

पुढे त्या कचऱ्याची किंमत कळली. असा तुकडा डीएनएत एकदा कुठे घुसला की पिढ्यानपिढ्या तिथेच राहतो. दोन मुलांच्या पेपरात एकाच ओळीत एकच चूक दिसली की मास्तरांना काय ते कळतं. तसंच हे. दोन प्राण्यांत तोच तुकडा नेमका त्याच जागी असेल, तर त्यांचा पूर्वज एक. खारी-उंदरांचे जुने वाद अशा तुकड्यांनी मिटू लागले.

मावशी निवृत्त झाल्यावर तिची एक जुनी विद्यार्थिनी घरी आली. चाचरतच म्हणाली, की तो प्राणी खारींच्या बाजूचा असावा. यकृताचा तुकडा तेव्हाच संपला होता, डोंगर खाणीने खाल्ला होता, तसा प्राणी पुन्हा कुणाला दिसला नव्हता, कातडं-कवटी संग्रहालयाच्या आगीत गेली होती. त्या पुनरावृत्तीच्या जुन्या बशा असतील तर सोक्षमोक्ष लागेल.

"नाहीत. मी टाकल्या," मावशी म्हणाली.

"तेव्हा सगळेच टाकायचे, बाई. सरांनीच सांगितलं असेल."

"सरांनी ठेव म्हटलं होतं."

मला मावशीचा रागही आला आणि कीवही. इतक्या हुशार बाईने असं करावं?

वर्षभराने त्या मुलीने नवा वंशवृक्ष छापून मावशीला आणून दिला. उंदीर, खारी, साळिंदर आपापल्या फांदीवर होते. मावशीचा प्राणी खाली कोपऱ्यात एकटाच, कुठल्याच फांदीला न जोडलेला. मावशीने त्याच्यावर बोट ठेवलं.

"त्यालाही गणगोत होतं गं," ती मला म्हणाली. "माझ्यामुळे पोरका झाला."