रिकामा पाट आणि बीजेचा चंद्र
इथे परदेशात एखाद्या दुकानात तागाच्या पोत्याचा वास आला, की मला नव्वदच्या दशकातली, वाशीच्या घरातली एक भाऊबीज आठवते. मामा घाऊक बाजारात माथाडी कामगार होता आणि दरवर्षी दिवेलागणीपूर्वी येई. त्या वर्षी मात्र पाट रिकामाच राहिला. बीजेचा चंद्र सूर्यास्तानंतर फार वेळ थांबत नाही. तो समोरच्या इमारतीच्या टाकीला टेकला, तेव्हा शेजारच्या काकू म्हणाल्या, "वहिनी, चंद्राला ओवाळून घ्या, मग तोही दिसायचा नाही." आई निरांजनात तूप घालत म्हणाली, "ज्यांना भाऊ नाही, त्यांनी चंद्राला ओवाळावं. मला भाऊ आहे." तिची नजर मात्र दाराकडेच होती. एवढ्यात जिन्यात चपला वाजल्या आणि केसांत तागाचे धागे अडकलेला मामा दारात दिसला. "अक्का, कांद्याची गाडी उशिरा लागली गं. आंघोळ करून बसतो." "आधी पाटावर बस," आई म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम मोकळा झाला. आता भाऊबीजेला माझा भाऊ मला फोनच्या पडद्यावर भेटतो. तो दिसेपर्यंत जीव टांगणीला लागतो, पण खिडकीत चंद्र असला तरी तबक मी तिकडे वळवत नाही. मग पडदा उजळतो आणि भाऊ विचारतो, "ताई, दिसतोय का मी?"