दोन दालनांमधला पंखा

आमचे बाबा संग्रहालयात शस्त्रदालनाचे रखवालदार आहेत. भाले, तलवारी, दांडा नसलेल्या कुऱ्हाडी आणि त्यांनी फुटलेल्या दोन कवट्या, एवढा त्यांचा संसार. शेजारच्या मडकीदालनावर त्यांचे साडू, म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. त्यांना मी काका म्हणतो. दोघी बहिणींनी नवऱ्यांना एकाच ठिकाणी चिकटवलं ते डबे एका पिशवीतून पाठवता यावेत म्हणून, असं आई सांगते, आणि ती थट्टा करत नसते.

बाबांना पगार गप्प बसून लक्ष ठेवायचा मिळतो. पण शाळेची सहल आली की ते खुर्ची सोडतात. "ही तलवार बघा. राजा म्हणाला, अपमान झाला. कसला डोंबलाचा अपमान! पलीकडचं कुरण हिरवं होतं. हा भाला विहिरीवरून. ही कट्यार मिठाच्या खाणीवरून. अब्रूबिब्रू सगळं मागाहून सुचतं." मग 'हात लावू नये' अशी पाटी असलेली गदा काढून ते मुलांच्या हातात देतात. वजन कळल्याशिवाय इतिहास कळत नाही, असं त्यांचं मत आहे.

दोन दालनांच्या मधल्या दारावर एक पंखा आहे. तो मान फिरवतो, थोडा वेळ शस्त्रांना वारा, थोडा वेळ मडक्यांना. कित्येक वर्षं कुणाची तक्रार नव्हती. गेल्या उन्हाळ्यात साहेबांनी मडकीदालनाच्या खिडक्या कायमच्या बंद करून घेतल्या. उन्हानं मडक्यांचा रंग उडतो म्हणे. रखवालदाराचा रंग उडाला तर दाद कुठे मागायची, ते परिपत्रकात नव्हतं. काकांनी दोन दिवस सोसलं आणि तिसऱ्या दिवशी पंख्याची मान सुतळीनं आपल्याकडे बांधली.

बाबांनी सुतळी कापली. काकांनी तार आणली. बाबांनी पक्कड आणली. डबे दोन पिशव्यांतून जायला लागले. मावशीनं आईला फोनवर विचारलं, "वारा काय तुझ्या सासऱ्यानं घेऊन ठेवलाय?" आई म्हणाली, "मडक्यांना घाम येत नाही, बाई." दोघी महिनाभर बोलल्या नाहीत.

त्या दुपारी बाबा एका सहलीला दोन गावांची गोष्ट सांगत होते. एका विहिरीवरून ती इतकी लढली, की शेवटी पाणी शेंदायला माणूस उरला नाही. "आता सांगा, जिंकलं कोण?" असं विचारून बाबा थांबले आणि त्यांच्या मानेवरचा वारा बंद झाला. उत्तराची वाट न बघता ते दाराकडे गेले. गदा हातातच होती.

काका स्टुलावर उभे राहून तार पिळत होते.

"तार सोडा."

"नाही सोडली तर काय कराल? इतिहास सांगाल?"

बाबांनी गदा तारेवर मारली, असं बाबा म्हणतात. तारेवर काकांचा हात होता, एवढं दोघांनाही मान्य आहे. मनगट मोडलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला. सहलीबरोबरच्या बाई पाठमोऱ्या होऊन मुलं मोजत होत्या, त्यामुळे साक्षीदार म्हणावा असा कोणी नव्हता.

साहेबांनी दुसऱ्याच दिवशी चौकशी ठेवली. काका म्हणाले 'साडूनं मारलं', तर बाबांची नोकरी गेली आणि पेन्शनही. 'पडलो' म्हणाले, तर विषय संपला. त्याच संध्याकाळी आम्ही तिघं मावशीकडे गेलो. काका उशीवर प्लास्टर ठेवून पडले होते. मावशीनं चहा दिला, बाबांना बशीशिवाय.

"मी पडलो असं सांगतो," काका म्हणाले. आईनं श्वास सोडला. "पण पंखा माझा. कायमचा."

"नाही," बाबा म्हणाले.

"अहो, नोकरी जातेय!" आई ओरडली.

"प्रश्न पंख्याचा नाही. तत्त्वाचा आहे."

"मग तत्त्व तुम्ही ठेवा," काका म्हणाले. "पंखा मला द्या."

"मी नवा पंखा घेऊन देते," आई म्हणाली, "डोक्यावर बांधून कामाला जा. पण आता हो म्हणा."

बाबांनी चहा संपवला. मग म्हणाले, "आठवड्यातला एक दिवस मला पाहिजे."

"कुठला?"

"सोमवार."

सोमवारी संग्रहालय बंद असतं. मावशीनं तोंडाला पदर लावला. काका मात्र प्लास्टरबाहेरची बोटं हलवत छताकडे बघत राहिले. हिशेब चालला होता.

"एक सोमवार सोडून एक," ते म्हणाले.

बाबा उठून चपला शोधायला लागले. आईनं दंडाला धरून त्यांना परत बसवलं. आणखी एक चहा झाला, या वेळी बशीसकट, आणि पहिल्या व तिसऱ्या सोमवारावर मिटलं.

दुसऱ्या दिवशी चौकशीत, साहेबांसमोर, काका स्टुलावरून पडले.