जुळवलेलं रीडिंग

जर्नलात एखादा ठिपका रेषेबाहेर दिसला की रंगनाथ पगार सरांच्या कपाळाला आठी पडायची. गंगापूर रोडवरच्या आमच्या कॉलेजात ते भूशास्त्र शिकवायचे आणि मी, फकिरा, त्यांच्या प्रयोगशाळेत परिचर होतो. मुलं मला मामा म्हणायची. सर मूळचे नांदगावकडचे, लहानपणी माळावर दगड वेचायचे. पुढे दगडांवरच पोट भरलं, असं मी चिडवायचो आणि ते हसायचे. माणूस सरळ. एवढ्या एका बाबतीत मात्र हट्टी. आलेखावरचे सगळे ठिपके रेषेला धरून बसले पाहिजेत. एखादा बाहेर गेला की म्हणायचे, "दगड चुकत नाही, तुझा हात चुकलाय," आणि दोन मार्क कापायचे.

मुलं काही दुधखुळी नव्हती. मागच्या वर्षांची जर्नलं माझ्या कपाटात असायची, ती मी गुपचूप काढून द्यायचो. त्यावरून आकडे जुळवायचे, सरांनी लाल शाईने सही करायची, की वर्ष पार पडलं. सरांना हे ठाऊक नव्हतं असं कोणी म्हणू नये. सगळीकडे असंच चालतं म्हणून आम्हाला कोणालाच त्यात वावगं वाटत नव्हतं.

पन्नाशीला आल्यावर सर एका कार्यशाळेला गेले आणि अंगात वारं शिरल्यासारखे परत आले. मला म्हणाले, फकिराभाऊ, वीस वर्षं आपण पोरांना ट्रेमधले दगड दाखवले, डोंगर आज काय करतोय ते दाखवलंच नाही. खचणाऱ्या डोंगरउतारांवर जगभर नवं संशोधन चाललं होतं. ते निबंध सर रात्रंदिवस वाचायचे आणि तिसऱ्या वर्षाच्या वर्गात सोप्या मराठीत सांगायचे. एरवी पेंगणारी पोरंही माना वर करून ऐकायला लागली. मला त्यांचा खरंच अभिमान वाटला.

तृप्ती भोये त्याच वर्गात होती. सुरगाण्याकडच्या एका पाड्यावरची, इथे वसतिगृहात राहणारी. एके दिवशी सर उतार खचण्याआधी पडणाऱ्या भेगेचं चित्र दाखवत असताना ती उठून म्हणाली की, अशी भेग आमच्या घरांच्या वरच्या उतारावर पण आहे. जून संपता संपता सर तिथे गेले. लोखंडी गज उचलायला मी सोबत होतोच. भेगेच्या दोन्ही काठांवर गज ठोकले. तृप्तीने दर रविवारी घरी जाऊन गजांमधलं अंतर मोजायचं आणि सोमवारी जर्नलात भरायचं ठरलं. शिवाय सरांनी तिला खिशात मावेल अशी एक वही दिली. जे घडेल ते तिथल्या तिथे लिहायचं, काही खोडायचं नाही. नव्या निबंधांतून शिकलेली ही त्यांची नवी शिस्त.

तहसीलात सर स्वतः बोलून आले. आठवड्यात दहा मिलिमीटरच्या वर वाढ झाली की सरांनी फोन करायचा आणि तहसीलाने सगळ्या पाड्याला आश्रमशाळेत हलवायचं. त्या दिवशी तृप्तीच्या आईने, वत्सलाबाईने, आम्हाला नागलीची भाकरी वाढली. वाढता वाढता तिने विचारलं, "सर, डोंगर हालला तं तुमी आमाला सांगाल ना?"

"सांगेन," सर म्हणाले.

जुलैत रीडिंग येत गेली. आठवड्याची वाढ तीन, चार, तीन मिलिमीटर. मग एका सोमवारी तृप्ती जर्नल घेऊन प्रयोगशाळेत आली. सर मीटिंगला गेले होते, मी ट्रे पुसत होतो.

"मामा, कालचं रीडिंग लय बाहेर जातंय. सतरा आलंय. टेप भिजलेली होती, माझा हात सरकला असंल."

मी वर बघितलंसुद्धा नाही. वीस वर्षं मुलांना जे सांगत आलो तेच सांगितलं. "हातच चुकलाय. चार लिही. नाहीतर सर मार्क कापतील."

तिने चार लिहिलं. दुपारी सरांनी सही केली आणि रेष छान आली आहे म्हणाले.

बुधवारी सकाळी दहाच्या सुमारास डोंगराचा तो भाग खाली आला. बहुतेक माणसं भाताच्या आवणीला गेली होती म्हणून वाचली. चार घरं गाडली गेली. वत्सलाबाई ताप आला म्हणून घरीच पडून होती. तिला दुसऱ्या दिवशी बाहेर काढली.

दिवसकार्य आटोपून तृप्ती कॉलेजात आली. सरळ सरांच्या टेबलापाशी गेली आणि खिशातली वही त्यांच्यापुढे ठेवली. "खरं सतरा होतं, सर. मी चार लिहिलं. तुम्हीच म्हणायचे, हात चुकतो."

सर खाली बसले. मी दाराशी ट्रे घेऊन उभा होतो. तृप्तीने माझ्याकडे पाहिलं नाही, माझं नावही घेतलं नाही. ती गेली ती पुन्हा कॉलेजात आली नाही.

चौकशी समितीला सरांनी लेखी दिलं की आकडे जुळवायची सवय मुलांना मीच लावली, दोष माझा. असं लिहून देऊ नका म्हणून कॉलेजातल्या शहाण्यांनी त्यांना समजावलं, पण त्यांनी ऐकलं नाही. विभागप्रमुखपद गेलं, प्रकल्प बंद झाला. स्टाफरूममध्ये लोक म्हणायचे, नसती उठाठेव कोणी सांगितली होती, पुस्तकातलं शिकवायचं आणि घरी जायचं. मला त्यांच्या थोबाडीत मारावीशी वाटायची. पण कोणत्या तोंडाने मारणार?

वर्षभर मी गप्प राहिलो. निवृत्तीच्या दिवशी मात्र राहवलं नाही. सरांकडे गेलो आणि त्या सोमवारचं सगळं सांगून टाकलं. त्यांनी ऐकून घेतलं, खणातून ती वही काढली आणि एक पान माझ्यापुढे धरलं. पाण्याने फुगलेल्या पानावर तृप्तीचं अक्षर होतं.

"रविवार. १७ मिमी. टेप भिजलेली. दोनदा मोजलं. दोनदा १७."

आणि त्याखाली, "सोमवार. मामा म्हणाले ४ लिही."

म्हणजे वही हातात आली त्या दिवसापासून सरांना माहीत होतं. समितीला माझं नाव का नाही सांगितलं, असं मी विचारलं.

"फकिराभाऊ, तुम्ही माझंच वाक्य बोललात," ते म्हणाले, आणि वही परत खणात ठेवली.

वाक्य त्यांचं होतं हे खरं. पण ते त्या सोमवारी माझ्या तोंडून निघालं. आणि सर वत्सलाबाईला "सांगेन" म्हणाले तेव्हा मीही शेजारीच बसलो होतो, तिची भाकरी खात.