पानावरचा अंगठा

विजेच्या अगदी सुरुवातीच्या दिव्यांवरची जुनी पुस्तकं शोधायचं माझं वेड घरात कुणालाच पटत नाही. न पटो. रामदासपेठेतल्या फ्लॅटमध्ये दुपारभर टॅबलेट घेऊन बसतो, दुर्मिळ पुस्तकांच्या साइटी धुंडाळतो, आणि कुणी "पडा की जरा" म्हटलं की माझं डोकं फिरतं.

पितृपक्षाच्या तोंडावर असंच एक इंग्रजी पुस्तक सापडलं. बांबूची काडी जाळून, तिचा कोळसा करून दिव्यातली तार कशी बनवत, त्याची चित्रांसकट माहिती. कधीपासून हेच शोधत होतो. कुणीतरी एकेक पान हातानं दाबून धरून स्कॅन केलेलं, त्यामुळे कोपऱ्यात अंगठा आलेला. अशा स्कॅनमध्ये अंगठे येतातच. चरफडत चित्र मोठं केलं.

नख मधोमध दुभंगलेलं, फटीत काळी रेघ. माझ्या थोरल्या भावाचं नख.

भाऊ घरोघरी वायरिंगची कामं करायचा. मेन स्विच न पाडताच बोर्ड उघडायची त्याला भारी खोड. एकदा अंगठा भाजला, नख गेलं, ते असं दोन फाकांत परत आलं. पुढे एक दिवस जेवून उठला, चपला घातल्या आणि गेला तो गेलाच. त्याला बारा वर्षं उलटून गेली. इतकी वर्षं पत्ता नसलेल्या माणसाचा आपल्याकडे दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. महाल भागात राहणारे काका त्यासाठी आईच्या मागे लागले होते. आई ऐकत नव्हती.

स्कॅन कुठं केलं, कधी केलं, काही नोंद नाही. साइटवाल्यांना विचारलं, उत्तर नाही. जगात फुटक्या नखांचा काय तोटा आहे, असं स्वतःला दटावलं. पण पान उलटलं की अंगठा हजर. कधी दिव्याच्या चित्रावर टेकलेला, कधी नुसतं टोक. भर दुपारी, चालू पंख्याखाली, मला भीती वाटायला लागली. खोलीत कुणीतरी माझ्यासोबत वाचत होतं. अर्ध्यावरच मी पुस्तक बंद केलं.

दोन दिवस कसेबसे गेले, मग आईला दाखवलं. तिनं चष्मा पुसला, वाकून पाहिलं. रडली नाही.

"त्याचाच हाये. जित्ता हाये माया पोरगा. सांग तुया काकाले."

आणि तिनं त्या अंगठ्यावरून बोट फिरवलं. तिचं बोट लागलं तसं पान उलटलं.

पुढच्या पानावर दुसराच हात होता, रबरी हातमोजा घातलेला. मी घाईघाईनं पानं सरकवत पार शेवटपर्यंत गेलो. सगळीकडे मोजाच. भाऊ कुठंच नाही.

"पाळी बदलली असेल, आई. सुट्टीवर गेला असेल. दुसरी नोकरी धरली असेल." माझं बोलणं मलाच खोटं वाटत होतं.

आईनं चष्मा काढून ठेवला. मग म्हणाली, "काकाले फोन लाव. दर्भ आणाले सांग."

"काहून?" मी चिडलोच.

"घरून गेला तवा बी हातातलं फिटिंग पुरं करून गेला गा. अर्धं काम टाकून उठणारा होता काय तो, सांग मले."