बाटल्यांच्या लाईनवरचे पास कान

मुलुंडच्या एका औषध कंपनीत मी बाटल्यांच्या लाईनवर होते. काचेच्या बाटल्या एकमेकींवर आपटत पट्ट्यावरून धावायच्या. त्या खणखणाटात आम्ही बायका नुसते ओठ हलवून गप्पा मारायचो. कुणाची सासू काय बोलली, ते तिसऱ्या टेबलापर्यंत पोचायचं.

वर्षातून एकदा कानांची तपासणी. हेडफोन लावायचा, आवाज आला की बटण दाबायचं. नापास झालं तर घरी बसवतात, अशी आमची समजूत. म्हणून मी सिस्टरच्या मनगटाकडे बघायचे. तिने मशीनची कळ फिरवली की मी बटण दाबलंच. नव्या मुलींनाही शिकवायचे. काय ती हुशारी माझी!

मग एक तरुण डॉक्टरीण आली. दवाखान्यात बसायचं सोडून ती अख्खी पाळी आमच्याजवळ उभी राहिली. सुट्टीत म्हणाली, “मावशी, आवाज न काढता बोलता कशा तुम्ही?” मी मूर्ख, हौसेने ओठ हलवून दाखवले.

सोमवारी पाळी सुरू होण्याआधीच तपासणी. खुर्ची भिंतीकडे वळवलेली.

“अहो, इथून सिस्टर दिसत नाही,” मी बोलून गेले.

“ऐकायला ती कशाला दिसायला हवी?”

बटणावर अंगठा ठेवून मी वाट बघत राहिले. बराच वेळ काही आलंच नाही. हेडफोन काढून मी डॉक्टरिणीकडे वळले.

“काढणार का मला?”

“तुम्हाला का काढतील? बाटल्यांचा आवाज कमी करायला लावणार आहे मी. पण तुमचे तपासणीचे कागद दाखवून साहेब म्हणतात, सगळ्यांचे कान झकास आहेत, मग बदल कशाला?”

म्हणजे इतकी वर्षं आमच्या कानांची वाट मीच लावत होते, आणि वर मुलींना शिकवतही होते. महिन्याभरात पट्ट्यावर झाकण बसलं. मला लेबलं तपासायच्या शांत खोलीत पाठवलं, पगार तोच.

पण त्या तपासणीच्या दिवशी डोक्यात भलताच किडा वळवळत होता. गेले ते आवाज कुठले? “बारीक, चिरके,” डॉक्टरीण म्हणाली होती. संध्याकाळी घरभर फिरून मी नवऱ्याला विचारत सुटले, “अहो, हे वाजतंय का? आणि हे?”

शेवटी ते म्हणाले, “पहाटेचा अलार्म रोज मीच बंद करतो. मला वाटायचं, तू झोपेचं सोंग घेतेस.”

थोडं सोंगही असायचं. ते मी अजून सांगितलेलं नाही.